सांगितलं म्हणून केलं नाही

हे वाचा, असं मी म्हणणार नाही. मला कुणी 'हे वाच' म्हटलं असतं तर मी ते न वाचताच बाजूला टाकलं असतं आणि वर 'वाचलं, काही दम नाही त्यात' असंही ठोकून दिलं असतं. माझ्यासारख्या माणसाला हा कागद कुणी दिला असेल तर त्यानं तो एव्हाना टेबलावर भिरकावला असणार. त्याच्या बायकोनं वाचला तरी चालेल.

मी नांदेडला एका खाजगी शाळेत गणित शिकवतो. वय चव्वेचाळीस. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात नाही, असं मी स्वतःबद्दल सांगायचो. शाळेत माझं नाव 'अडेलसर' होतं. पोरांनीच नाही, शिक्षकांनीही तेच चालवलं होतं. एकोणीस वर्षांत मला इतके मेमो मिळाले की शिपाई नुसता पाकीट घेऊन वर्गाच्या दाराशी आला तरी पोरं हसायची.

घरातलं एकच सांगतो. गच्चीवरची टाकी भरत आली की मोटार बंद करायला मी उठायचो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुनीता, माझी बायको, म्हणायची, "अहो, मोटार बंद करा की." झालं! मी परत खाली बसायचो. पाणी पन्हाळीतून शेजारच्यांच्या अंगणात पडायचं, शेजारीण ओरडायची, सुनीता ओल्या हातानं धावत जायची आणि मी पेपर वाचत बसायचो. मला ते पाणी ऐकू यायचं. त्रासही व्हायचा. पण उठता यायचं नाही, अंगात कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. ह्याला मी स्वाभिमान म्हणायचो.

खोली

आमची एकुलती एक लेक ऋतुजा. दहावीनंतर तिला मेडिकलसाठी लातूरला टाकलं. आमच्याकडं हे नवं नाही. अकरावी लागली की आई पोराला घेऊन लातुरात खोली करते, डबा करून घालते, आणि बाप गावाकडं राहून नोकरी करतो. तिथं गल्ल्याच्या गल्ल्या अशा आयांनी भरलेल्या आहेत. सुनीताही गेली. मी एक शनिवार आड जायचो.

सुनीता पोरीच्या अभ्यासासाठी गेली असं मी दोन वर्षं मानत होतो. सगळ्या नांदेडला तसंच वाटत होतं. ती हसतमुखानं गेली, ह्याचं तेवढं मला नवल वाटलं होतं.

गेट

बारावीनंतरची प्रवेश परीक्षा. मे महिना, ऊन नुसतं भाजून काढत होतं. सेंटरवर आम्ही सव्वाबारालाच पोचलो. दीडला गेट बंद होणार होतं. पोरींची एक लाईन, तिच्या बाजूला दोरी, आणि दोरीच्या मागं पालक. मी ऋतुजाच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि मागं सरकायला लागलो. खरंच सरकायला लागलो होतो.

"काका, दोरीच्या मागं व्हा," निळ्या शर्टातला गार्ड म्हणाला.

मी थांबलो. "का म्हणून?"

"पालकांनी मागं राहायचं हाय."

"कुठं लिहिलंय? दाखवा."

तो म्हणाला, पालक मागं झाल्याशिवाय लाईन पुढं सरकणार न्हाई. मग तर माझे पाय जमिनीत रुतलेच. फलक दाखवा, नाव सांगा, तुमचा साहेब कोण आहे त्याला बोलवा. लाईन थांबली. उन्हात उभ्या पोरी रडकुंडीला आल्या. मागून बायामाणसं ओरडत होती, "अहो सर, सरका की! लेकरांचं नुकसान करून राहिलात तुम्ही!" जितकं ओरडतील तितका मी घट्ट. ऋतुजा वळून म्हणाली, "पप्पा, सरका ना. प्लीज."

तीसुद्धा म्हणाली म्हणून मी नाही सरकलो. 

शेवटी दोघा पालकांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. पाऊण वाजून गेला होता. ऋतुजा डोळे पुसत आत गेली. गेट बंद व्हायला वेळ होता, त्यामुळं माझ्या मते काहीच बिघडलं नव्हतं, आणि हे मी सुनीताला महिनाभर पटवून देत होतो.

निकाल लागला. थोड्या मार्कांनी मेडिकल हुकलं. ऋतुजा मला म्हणाली, "पप्पा, पहिला पाऊण तास मला पेपरवरची अक्षरंच दिसत नव्हती."

मी काय म्हणालो असेन? "तुझी तयारीच कमी होती."

 दुसऱ्या दिवशी सुनीताचा फोन आला. "ऋतू रिपीट करती म्हणती. आम्ही खोली सोडत न्हाई."

"बरं, एक वर्ष."

"लोकांना तसंच सांगा. पोरगी रिपीट करून राहिली म्हणा. पण तुम्हाला खरं सांगते, मी दोन वर्षांखालीच तुमच्यापासून निघाले होते. डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. न्हाई दाखवलं तर पुढची परीक्षा झाल्यावर आम्ही नांदेडला येत न्हाई. मी आणि ती, दोघीबी."

चपला

मी गेलो, पण बरं व्हायला नाही. माझ्या डोक्याला काही झालेलं नाही असं डॉक्टरच्या सहीचं पत्र आणून सुनीताच्या पुढ्यात टाकायचं, हा माझा इरादा होता. नांदेडला कुणीतरी बघेल म्हणून लातूर निवडलं. मुखेडजवळच्या गावाकडं माझी माय असते, तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "डोक्याचा डाक्टर? काय धाड भरली रं तुला? तुझा बाप असाच व्हता, त्याला कुठं डाक्टर लागला?"

दवाखाना औसा रोडला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, चपला बाहेर काढा." मी चपला घालून आत बसलो. नंबर आल्यावर तसाच डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलो. बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं.

"बाहेर पाटी आहे, वाचली नाही का?"

"वाचली. काढणारच होतो."

"मग?"

"तिनं सांगितलं म्हणून काढली नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं. अगदी शब्दाला शब्द. मी म्हटलं, ह्यात लिहिण्यासारखं काय आहे? त्या म्हणाल्या, "तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. लोकांना तिथं यायला चार-चार वेळा लागतात."

पण त्या दिवशी त्यांनी काही नाव दिलं नाही. रक्त तपासलं, झोप कशी आहे विचारलं, उदास वाटतं का, मनात वाईटसाईट विचार येतात का, सगळं खोदून खोदून. मग सुनीताला एकटीला बोलावलं. मायला फोन लावला आणि मी लहानपणी कसा होतो ते विचारलं. माय पाऊण तास बोलली म्हणे. मला शाळेतून तीनदा काढलं होतं हे मी विसरलो होतो, ती विसरली नव्हती.

तिसऱ्या शनिवारी बाईंनी नाव सांगितलं. अपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर, म्हणजे कुणी काही सांगितलं की विरोधच करण्याचा आजार. परतीच्या बसमध्ये मोबाईलवर बघितलं आणि अहमदपूर येईपर्यंत मला जोर चढला. सगळीकडं लहान मुलांचे फोटो! पुढच्या शनिवारी दारातूनच सुरू झालो. "बाई, हे तर लेकरांना होतं. मी काय लेकरू आहे?"

"लेकरं मोठी होतात, सर," त्या म्हणाल्या. "काहींचं वयाबरोबर जातं, काहींचं जात नाही. मोठेपणी लोक त्याला स्वभाव म्हणतात आणि सहन करतात. किंवा निघून जातात."

 मी घाबरलो, साफ घाबरलो. हा आजार असेल तर ते सगळे मेमो, ती सगळी भांडणं, मी बरोबर होतो म्हणून झाली नव्हती. मग मी इतकी वर्षं कुणाशी भांडत होतो? स्टँडवर बसून मी रडलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाला, "घ्या." मी घेतली.

विनंती

आजार आहे म्हटल्यावर मला सूट मिळाली असं समजू नका. मी तो प्रयत्न करून बघितला. बाईंच्या समोरच सुनीताला म्हटलं, "बघ, मी मुद्दाम करत नव्हतो." बाईंनी तिथंच कान उपटले. "आजार ही तुमची चूक नाही. पण गेटवर उभं राहिलेलं शरीर तुमचंच होतं."

एक गोळी दिली, झोप लागावी आणि चिडचिड उतरावी म्हणून. गोळीनं स्वभाव बदलत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. खरं काम बोलण्याचं आणि सरावाचं. गणिताच्या मास्तरला झेपेल असा सराव दिला त्यांनी: वहीत तीन रकाने. कुणी काय सांगितलं. मी काय केलं. सांगितलं नसतं तर काय केलं असतं. पहिल्या आठवड्यात तिसरा रकाना वाचून मीच हबकलो. दहातली आठ कामं मला करायचीच होती.

मग गृहपाठ आला. दर शनिवारी लातूरला यायचं तर रजा हवी, आणि रजा मुख्याध्यापकांकडून. आमचं बोलणं चार वर्षं बंद. मी अर्ज द्यायचो, पण त्यात 'विनंती' हा शब्द कधीच नसायचा. 'कळविण्यात येते की मी गैरहजर राहीन.' सगळ्या स्टाफला माझे हे अर्ज तोंडपाठ. बाई म्हणाल्या, "ह्या वेळी विनंती लिहा."

मी चार कागद फाडले. हसू नका. 'कृपया रजा मंजूर करावी ही नम्र विनंती' हे एवढं वाक्य लिहिताना माझ्या मानेला घाम फुटला, जबडा दुखायला लागला. अर्ज टेबलावर ठेवला. सरांनी वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"तब्येत बरी आहे ना?" ते म्हणाले.

"नाही सर. बरी नाही. त्यासाठीच रजा पाहिजे."

त्यांनी सही केली आणि म्हणाले, "शनिवारचे तास मी घेतो. तुम्ही जाऊन या." चार वर्षं ज्या माणसाला मी पाण्यात पाहिलं तो माझे तास घेणार होता. मला लई लाज वाटली.

आंबील

आता सगळं सुरळीत झालं असं वाटत असेल तर थांबा. डिसेंबरात येळवस आली. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. सगळी घरं त्या दिवशी शेतात जेवायला जातात, कडब्याची कोप म्हणजे खोपटं उभं करतात, पूजा करतात, आणि घरातला एकजण ताकातल्या आंबिलीचं मडकं घेऊन शेताला फेरी मारत ती शिंपडत जातो. औशाजवळ माझ्या सासऱ्यांचं शेत आहे. सुनीतानं मला बोलावलं. ऋतुजापण येणार होती. सहा महिन्यांत ती माझ्याशी एक वाक्य बोलली नव्हती.

जाताना मी बसमध्ये मनाशी पाठ करत होतो, आज भांडायचं नाही. पालेभाज्या-शेंगांची भज्जी झाली, आंबील झाली, ऋतुजा माझ्यापासून दोन माणसं सोडून बसली होती. तिनं मला बाजरीचा उंडा वाढला. न बोलता, पण वाढला. मी खूश होतो हो, लई खूश होतो!

मेव्हणा मडकं घेऊन आला. जावयाला मान द्यावा म्हणून हौसेनं म्हणाला, "चला दाजी, उठा, यंदा शिंपायला तुम्ही."

'उठा' म्हणाला. बस. मला तो मान ऐकूच आला नाही, हुकूम तेवढा ऐकू आला.

"मी काय तुमचा सालगडी आहे का?"

सासरे खाली बघायला लागले. मेव्हण्याच्या हातातलं मडकं तसंच राहिलं. तो बिचारा म्हणाला, "दाजी, मानाचं असतंय हे." मला कळत होतं, आणि तरी मी आणखी दोन वाक्यं बोललो, ती इथं लिहीत नाही. ऋतुजानं ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि एकटी रस्त्याकडं चालत गेली.

पुढच्या शनिवारी मी बाईंना म्हटलं, "बंद करा हे. मी सुधारणारा माणूस नाही." त्यांनी वही मागितली. येळवशीचं सगळं मी लिहिलं होतं, ती दोन वाक्यंसुद्धा. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा आलात तेव्हा तुम्ही म्हणत होता की तुमचं काही चुकलं नाही. आज कुणाचं चुकलं?"

"माझं."

"मग मेव्हण्याला फोन करा. इथंच. माझ्यासमोर."

मी केला. मेव्हणा म्हणाला, "जाऊ द्या ना दाजी, झालं गेलं." पण ऋतुजानं फोन घेतला नाही. एप्रिल उजाडला तरी घेतला नाही.

लोहा

एप्रिलच्या शेवटी सुनीता बाईंकडं आली. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. ती म्हणाली, "ऋतूचा निरोप हाय. परीक्षेला पप्पांनी सेंटरवर यायचं न्हाई. लातुरातबी यायचं न्हाई त्या दिवशी."

माझ्या पोरीच्या परीक्षेला मी जायचं नाही? बापानं? मानेला चटका बसला. बाई माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "बरं." म्हणालो खरा, पण मनातून मी ते मान्य केलं नव्हतं, हे आज कबूल करतो.

परीक्षेच्या रविवारी सकाळी सातच्या बसमध्ये मी बसलेला होतो. लातूरचं तिकीट काढलं. स्वतःला सांगत होतो, लांब उभा राहीन, झाडाखाली, तिला दिसणारसुद्धा नाही. बापाचा हक्क आहे. कोण मला अडवतं बघू! सोनखेड गेलं. माझा जबडा आवळलेला होता. मग माझ्या लक्षात आलं की मला तिला बघायचं नव्हतं. येऊ नका म्हणाली, म्हणून मला जायचं होतं. तिनं या म्हटलं असतं तर कदाचित मी डोकं दुखतंय म्हणून घरी बसलो असतो.

लोहा आलं. मी उठलो.

"सर, तुमचं लातूरचं तिकीट हाय ना?" कंडक्टर म्हणाला.

"हाय."

"मग इथं कुठं उतरून राहिलात?"

"उतरायचंय."

"काही राहिलं का घरी?"

मी उतरलो. बस पुढं गेली. पुढच्या गाडीनं परत जाता येईल, अजून वेळ आहे, हे डोक्यात चालूच होतं. दोन गाड्या माझ्यासमोरून लातूरकडं गेल्या. मग मी रस्ता ओलांडला, नांदेडची गाडी धरली आणि घरी येऊन पाच वाजेपर्यंत घड्याळाकडं बघत बसलो. एवढं अवघड काम मी आयुष्यात केलं नाही, आणि ते काय होतं? काही न करणं.

पाच वाजून गेले, सहा वाजले. कुणाचा फोन नाही. सात वाजता सुनीताचा मेसेज आला. 'पेपर झाला. आम्ही औशाला चाललो.' औशाला म्हणजे तिच्या माहेरी; नांदेडचा त्यात शब्द नव्हता.

स्वयंपाकघरात

बारा दिवसांनी, भर दुपारी, दार वाजलं. ऋतुजा एकटी. पाठीला सॅक.

"कागदपत्रं न्यायला आले," ती म्हणाली. "कपाटातली."

मी बाजूला झालो. तिनं फाईल काढली, सॅकमध्ये घातली. मला वाटलं, आता निघेल. मी पोहे केले. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि बशी हातात धरून म्हणाली, "पप्पा, मला तुमची भीती वाटते."

माझ्याकडं उत्तरं तयार होती. कधी हात उगारला का तुझ्यावर? कोणती गोष्ट कमी केली? तोंडापर्यंत आलेली होती. मी गॅसच्या ओट्याला धरून उभा राहिलो.

"ओरडता त्याची न्हाई वाटत," ती म्हणाली. "कुणी काही म्हटलं की ओरडायच्या आधी तुम्ही जरासं गप्प होता ना, त्याची वाटते. मी लहान होते तेव्हापासून. आत्ता झालात ना, तसं."

"आत्ता मी उत्तर देत नाही म्हणून गप्प आहे," मी म्हटलं. "पण तुला दोन्ही सारखंच दिसणार. बोल तू."

ती बोलली. टाकीचं, गॅदरिंगचं, मैत्रिणीच्या वडिलांशी झालेल्या भांडणाचं, गेटचं. तास गेला असेल. काही गोष्टी तिनं सांगितल्या तशा झाल्याच नव्हत्या, आणि तेही मी बोललो नाही. शेवटी ती म्हणाली, "ह्या वेळी तुम्ही सेंटरवर दिसला असता ना, तर मी पेपर न देता परत फिरणार होते. ठरवलंच होतं मी. आईलापण सांगितलं नव्हतं."

 झाडाखाली उभा राहणार होतो मी.

हे तिला सांगायची काही गरज नव्हती. कुणालाच माहीत नव्हतं. पण मी म्हटलं, "ऋतू, मी निघालो होतो. लातूरचं तिकीट काढून बसलो होतो बसमध्ये. लोह्याला उतरलो."

तिनं बशी खाली ठेवली. "खरं?"

"खरं."

"कुणी सांगितलं उतरायला?"

"कुणी न्हाई."

 मग तिचे डोळे भरले, आणि ते पुसत पुसतच तिनं फोन लावला. "आई, पप्पा त्या दिवशी निघाले होते. हाव, बसमध्ये बसले होते. अगं ऐक ना, लोह्याला उतरले. मधीच. आपणहून परत गेले."

 मी पोह्याची कढई खरवडत उभा होतो. मग सुनीताचा आवाज आला, मला ऐकू येईल एवढा.

"तू थांब तिथंच. मी सोमवारी येते म्हणावं."

किती दिवसांसाठी, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.